नाल्यापलीकडचं गवत

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी पहार आहे. लोणी काळभोरच्या महिपती लोहारांनी मला घडवलं. एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. काम झाल्यावर त्यांनी मला दगडावर आपटलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही वाकायची नाही."

पुण्याच्या कडेला हरणांचं एक उद्यान आहे. त्याच्या कुंपणाचे सगळे खड्डे मी खणले. कामगार सकाळी आधी मलाच शोधायचे. मग खड्डे पाडायचं यंत्र आलं आणि मला अवजारांच्या खोलीमागे टाकून दिलं. तीन पावसाळे मी फाटक्या पोत्यांखाली गंजत पडले.

तिथून मला उचललं ते मथुराबाईंनी. त्या हडपसरच्या. त्यांच्या शेताच्या जागी आता उंच इमारती आहेत. उद्यानात त्या चितळांना चारा घालायच्या. चाऱ्याची गाडी फाटकाशीच रिकामी व्हायची आणि दांडगे नर तिथून हलायचे नाहीत. पाडसांच्या आया बिचकून मागच्या कोपऱ्यात, नाल्यापलीकडे उभ्या राहायच्या. त्या वर्षी तीन पाडसं दगावली.

त्या कोपऱ्यात अर्धा एकर दलदल होती. वाट खडकांतली, ट्रॅक्टर जाणं अशक्य. दोनदा पेरून पाहिलं होतं. मका कुजला, लसूणघास पिवळा पडून गेला.

उद्यानाचे अधिकारी श्रीनिवास साहेब म्हणाले, "अहो मथुराबाई, तिथे आता फक्त होड्या सोडायच्या राहिल्यात. दिवाळीनंतर नाल्यावर गाडी जाईल अशी मोरी बांधू, मुरूम टाकून जागा भरून घेऊ. वर बाकं ठेवू."

"मग पाडसांनी कुठं जायाचं, साहेब?"

"तिथे काय उगवेल ते तुम्हीच सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या मला घेऊन नाला ओलांडून गेल्या. त्यांनी मला चिखलात रोवलं. हातभर गाळात शिरले आणि खाली कडक मुरमावर खट्‌कन अडले. बाईंनी मला उपसलं आणि टोकावरचा चिखल हुंगला. "वर पाणी, खाली दगड. बी टाकलं की कुजणारच. हितं कांडीच लावाया पायजे."

त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला पाणी तुंबायचं, तिथे पॅरा गवत माजायचं, ते त्यांना आठवलं. लोणीच्या कालव्याकडून त्यांनी त्या गवताच्या कांड्या आणल्या, आणि हत्तीगवताच्याही. दोन्ही दलदलीत लावून पाहिल्या. दहा दिवसांत हत्तीगवत काळं पडलं. पॅराच्या मात्र पेरापेराला पांढऱ्या मुळ्या फुटल्या. उरलेली जुडी त्यांनी पाडसांच्या आयांपुढे टाकली. काडीसुद्धा उरली नाही.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे गवत नाल्यात उतरलं तर नाला बुजवून टाकेल."

"नाल्याकडं एक कांडी गेली तरी मी उपटीन. दर सोमवारी."

"लेखी द्याल?"

"द्या कागद. सही येती मला."

सहाशे कांड्या त्यांनी डोक्यावरून वाहिल्या, गुडघाभर पाण्यातून. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. तिसऱ्या दिवशी एका नराने काटे उधळले. मागून कळप घुसला आणि कांड्या अख्ख्या उपटून निघाल्या.

बाई खडकावर बसल्या. मग एक उपटलेली कांडी हातात घेऊन बघत राहिल्या. "वरवर लावली व्हती. माझीच चूक हाय," असं म्हणून त्यांनी मला उचललं.

या वेळी त्यांनी लांब कांड्या आणल्या. प्रत्येक भोक मुरमाला खट्‌कन लागेपर्यंत पाडायचं, कांडी तिरपी सारायची, तीन पेरं गाळात, एक वर, आणि टाचेने दाबायचं. सहाशे वेळा मी तो आवाज केला. अकरा दिवस लागले. बाईंच्या तळहातांना फोड आले, तेव्हा त्यांनी मला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, पण थांबल्या नाहीत. माझा गंज त्या चिखलात कधी घासून गेला, मला कळलंही नाही.

कुंपण या वेळी दुहेरी होतं. दसऱ्याला बाईंनी ते एका अंगाने उघडलं. एक मादी आली, तिने पातं धरून हिसका दिला. पातं तुटलं, मूळ हललं नाही. आठवड्यात तिथे नवा कोंब होता. आणि दर सोमवारी बाई नाल्याच्या काठाने वाकून चालायच्या, चुकार कांड्या वेचायच्या.

दिवाळीच्या आधी श्रीनिवास साहेब पँट दुमडून नाला ओलांडून आले. गवत कमरेएवढं झालं होतं. त्यात दोन कान हलले, मग त्याखाली एक लहानसं डोकं दिसलं. साहेब हळूच मागे सरकले.

"मोरी नको," ते कुजबुजले. "गाडी इथवर येत नाही, म्हणून दांडगे नरही फाटकाशीच राहतात. तेच बरं आहे."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. संध्याकाळी त्यांनी मला धुतलं, पुसलं, तेलाचं बोट फिरवलं आणि खोलीत दाराशी उभं केलं. आजही मी तिथेच असते.

मित्रांनो, अवजाराला गंजू देऊ नका, आणि एखादी जागा वाईट आहे असं कुणी म्हणालं, तर ती बुजवण्याआधी तिच्यात उतरून बघा. कधी उद्यानात आलात तर जाळीपाशी तुम्हाला पाडसं दिसणार नाहीत. ती नाल्यापलीकडे पोटभर खात असतात. त्यांना हाका मारू नका.