ठकीच्या गळ्यातली गाठ

सकाळी गौतमने मागचं दार उघडलं, तर ठकी खुराड्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती. एरवी कडी वाजली की ती त्याच्या पायात पायात करायची. आज कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती. मान पुढे ताणायची, चोच उघडायची, काहीतरी अडकलेलं गिळल्यासारखं करायची आणि पुन्हा डोळे मिटायची. आदल्या संध्याकाळचे तांदूळ वाटीत तसेच होते.

त्याने आधी मागे वळून पाहिलं. त्याची बायको नूपुर अजून झोपलेली होती. त्याने वाटीतले तांदूळ मुठीत घेतले, भिंतीपलीकडे भिरकावले आणि रिकामी वाटी जागेवर ठेवून दिली.

लालबागच्या त्या चाळीत तळमजल्याच्या खोल्यांना मागे हातभर अंगण होतं, आणि अंगणाच्या भिंतीला लागून लवू मेस्त्रींचा मूर्तींचा कारखाना. तेवढ्या अंगणात ठकी राहायची. मार्चमध्ये नूपुरला सातव्या महिन्यातच कळा आल्या आणि मुलगी मेलेलीच जन्मली. त्यानंतर नूपुरने बालवाडीतली नोकरी सोडली, बोलणं सोडलं, दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मे महिन्यात तिची आई चिपळूणजवळच्या गावाहून आली ती खोक्यात ही तांबडी कोंबडी घेऊनच. "हिच्या हाताला काहीतरी जिवंत हवंय," एवढंच ती गौतमला म्हणाली होती. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी नूपुर उठून अंगणात जाऊन बसली होती. कोंबडीला ठकी हे नावही तिनेच दिलं.

म्हणून गौतम घाबरला होता. कोंबडी गेली तर नूपुर पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

"ठकीने खाल्लं का रे?" नूपुरने आतून विचारलं. "काल सुस्त वाटत होती."

"खाल्लं की. वाटी चाटूनपुसून साफ."

नूपुर दारात आली, वाटी बघितली आणि आत गेली.

गौतम लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. त्या दिवशी दादरच्या एका टॉवरमध्ये लिफ्टच्या टपावर बसून तो मोबाईलवर कोंबड्यांचे आजार बघत राहिला. फुगलेली पिसं म्हणजे सर्दी. फुगलेली पिसं म्हणजे जंत. अंडं अडकलं असेल. राणीखेत असेल, मग मान वाकडी होते आणि दोन दिवसांत संपतं. बर्ड फ्लू असेल तर महापालिकेला कळवा. प्रत्येक आजारात ठकी बसत होती. शेवटी त्याने साहेबाला फोन केला, बरं नाही म्हणून सांगितलं आणि चारच्या सुमाराला घरी आला.

नूपुर आत पडली होती. तो चपला हातात घेऊन मागच्या बाजूला गेला. ठकी आता बसली होती. शेजारच्या सुंदराबाई कपडे काढत होत्या. त्यांनी वाकून बघितलं.

"गळ्याशी बघ केवढं फुगलंय! चारा अडकलाय रे तिला. तेल पाज आणि उलटी धर. ओकून टाकेल."

"नक्की ना, मावशी?"

"आमच्या गावाला असंच करायचे. नाहीतर आत्ताच काप, जीव जायच्या आत. वाया तरी जाणार नाही."

गौतमने गोडेतेल आणलं. चोच उघडून चमचाभर ओतलं, मग तिचे पाय धरून तिला उलटं केलं आणि गळ्याखालचा फुगवटा दाबला. चोचीतून तपकिरी, आंबट वासाचं पाणी भळभळ आलं. त्याला वाटलं, जमलं. त्याने आणखी जोरात दाबलं. ठकीने पंख झाडले, तिच्या घशातून घुर्र घुर्र आवाज यायला लागला. लाल तुरा बघता बघता जांभळा पडला.

"सोड तिला!" नूपुर दारातून किंचाळली. "सरळ धर! गौतम, सरळ धर तिला!"

तिने धावत येऊन ठकीला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं, छातीशी उभी धरली, पदराने चोच पुसली. ठकी खोकली. पुन्हा खोकली. बराच वेळ तिचा श्वास घरघरत राहिला. सुंदराबाई कपडे घेऊन गुपचूप आत गेल्या.

नूपुरने ठकीच्या छातीवर, मानेच्या तळाशी बोटं ठेवली. "दगड झालाय इथे. ही खाण्याची पिशवी. रात्रभरात रिकामी व्हायला हवी. आई रोज उजाडता हात लावून बघायची." तिने ठकीच्या चोचीशी नाक नेलं. "आत कुजलंय. सकाळी तिने खाल्लं कसं मग?"

गौतमची नजर भिंतीपलीकडे गेली.

"तांदूळ तू टाकलेस?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"मला काल शंका आली होती. आज सकाळी मी हात लावून बघणार होते. तू सांगितलंस खाल्लं, म्हणून मी परत जाऊन पडले." तिचा आवाज चढला नव्हता. इतक्या महिन्यांत ती एका दमात एवढं बोललीच नव्हती. "तेव्हाही तू असंच केलंस. मी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकून आला होतास. मला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस."

"नूपुर, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरने विचारलं होतं. मला नंतर नर्सने सांगितलं. बाळ आईला दाखवायचं का म्हणून विचारलं होतं तुला. तू नको म्हणालास."

तो पायरीवर बसला. नूपुर मात्र ठकीची चोच उघडून उजेडाकडे धरत होती. जिभेखालून एक राठ, तपकिरी धागा बाहेर लोंबत होता. तिने तो हलकेच ओढला. तो आला नाही.

"काथ्या," ती म्हणाली. भिंतीच्या कोपऱ्यात पत्र्याखाली फट होती, तिथून मेस्त्रींच्या कारखान्यातला काथ्या, प्लास्टर लागलेला, अंगणात झिरपावा तसा पसरलेला होता. मूर्तीला आतून मजबुतीसाठी लावतात तो. ठकीने तो किडे समजून गिळला असणार.

दादरला एक प्राण्यांचा दवाखाना होता. टॅक्सीने तिथे पोचले तर काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. "बर्ड्स नाही बघत आम्ही. ओन्ली डॉग्ज, कॅट्स."

"नुसतं बघा तरी," गौतम म्हणाला. "प्लीज. मॅडम, हात जोडतो."

मागे एक माणूस कुत्र्याला घेऊन बसला होता, तो हसला. गौतम त्याच्या अंगावर धावून जाणार होता. नूपुरने त्याची बाही धरली आणि त्याला बाहेर आणलं.

घरी तिने कोमट तेलाचे थेंब दिले, एकेक, ठकीला सरळ बसवून. मग पिशवी हलक्या बोटांनी चोळत बसली. दाणे पूर्ण बंद, फक्त पाणी. गौतमने मदतीला हात पुढे केला तर ती म्हणाली, "नको. तू दाबतोस." तो शेजारी बसून राहिला. उजाडलं तेव्हा तिने पुन्हा बोटं ठेवली. गाठ तशीच होती, आणि ठकीच्या छातीचं हाड हाताला लागायला लागलं होतं.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात ते उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिले. डॉक्टर तरुण होत्या, अक्षता नावाच्या. त्यांनी ठकीची मान, डोळे, शेपटीखालचा भाग बघितला, पिशवी चाचपली.

"साथीचं काही दिसत नाही. हिची पिशवी तुंबलीये. पुढे काहीच जात नाहीये, म्हणून ती उपाशी मरतेय. कापून काढावं लागेल."

"वाचेल?" गौतमने विचारलं.

"काल आणली असतीत तर हो म्हटलं असतं. उलटी वगैरे धरली नाहीत ना? छातीत पाणी गेलंय थोडं."

गौतमने नूपुरकडे बघितलं नाही.

"इतक्या अशक्त पक्ष्याला बेशुद्ध करत नाही मी. तेवढीच जागा बधिर करेन. कुणीतरी घट्ट धरायला हवं."

"मी धरतो," गौतम घाईने म्हणाला. "ती बाहेर थांबेल."

"मी धरणार," नूपुर म्हणाली. "तुला जायचं तर जा बाहेर."

तो गेला नाही. दारापाशी उभा राहिला. नूपुरने ठकीला टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलं होतं. डॉक्टरांनी पिसं उपटली, सुई दिली, बोटाच्या पेराएवढी चीर घेतली. सडका वास खोलीभर पसरला. चिमट्याला आधी काळपट तांदूळ आले, मग काथ्याचं टोक आलं, आणि मग ते येतच राहिलं, पिळलेल्या सुंभासारखं, मध्ये मध्ये प्लास्टरचे खडे घट्ट बसलेले. ठकीने एकदा जिवाच्या आकांताने धडपड केली. नूपुरने हात सैल सोडला नाही. "झालं गं, झालं," ती पुटपुटत होती, आणि तिचे डोळे त्या चिरेवरून हलले नाहीत. गौतमला मात्र बघवेना. तो बाहेर गेला आणि भिंतीला डोकं टेकून रडला.

टाके घालून डॉक्टरांनी औषध दिलं. "पेज द्या, पातळ, चमचा चमचा. शिटली तर समजा रस्ता उघडला."

पण ठकी शिटली नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नूपुर ड्रॉपरने पेज द्यायची, ती गिळायची आणि मान पंखात घालायची. तिच्या टोपलीत अंथरलेला कागद कोरडाच राहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठकीने डोळे मिटले ते हाक मारली तरी उघडेनात. श्वास तेवढा चालू होता. गौतमने कामावर जायचं नावच काढलं नव्हतं. तो टोपलीच्या एका बाजूला, नूपुर दुसऱ्या बाजूला.

"जाणार ही," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

नूपुर नाही म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "केस होते तिला?"

कुणाला, हे त्याला लगेच कळलं.

"होते. खूप. काळे. ओले होते."

"अजून सांग."

"नाक तुझं होतं. बोटं लांब. नखं होती, नूपुर, इवली इवली. डाव्या हाताची मूठ बंद होती. मी उघडायला गेलो, मग नाही उघडली." त्याने टोपलीची कड घट्ट धरली. "एका पांढऱ्या कापडात दिली होती त्यांनी. मी एकटाच होतो. त्रिसरण म्हणायला गेलो तर 'बुद्धं सरणं गच्छामि'नंतर मधलंच विसरलो. मला वाटलं, तू हे बघितलंस तर तू राहणार नाहीस. मला तू हवी होतीस."

नूपुर रडायला लागली. तोंडावर हात न घेता, मोठ्याने. चाळीत ऐकू गेलं असणार. गौतम उठून तिच्या बाजूला आला आणि तिने त्याला येऊ दिलं.

सकाळी टोपलीतल्या कागदावर हिरवट, वर पांढरी टोपी असलेली ओली शीट पडलेली होती. नूपुरने ती बोटाने चिवडून बघितली. त्यात पेजेतला शिजलेला कण होता. तिने पिशवीवर हात ठेवला. ती मऊ आणि रिकामी होती. ठकी मान वर करून तिच्याकडे एका डोळ्याने बघत होती.

जखम भरायला पंधरवडा गेला. ठकीच्या छातीवर पिसं नीट आली नाहीत आणि श्वासाची घरघर कायमची राहिली, पण ती जगली. गौतमने पत्र्याखालची फट सिमेंटने बुजवली.

त्यानंतरच्या रविवारी नूपुर म्हणाली, "मला ती जागा दाखव."

स्मशानभूमीत मागच्या बाजूला लहान मुलांना पुरायची जागा होती. पावसाने गवत कमरेपर्यंत वाढलं होतं. गौतम कुंपणापासून झाडापर्यंत गेला, परत आला. मार्चमध्ये इथे कोरडी माती होती. नंतर कुणाकुणासाठी पुन्हा पुन्हा खणलेलं दिसत होतं.

"या झाडाच्या आसपासच..." तो म्हणाला. "नूपुर, मला सापडत नाहीये."

तो गुडघ्यांवर बसून हाताने गवत बाजूला करायला लागला. नूपुरने थोडा वेळ त्याला करू दिलं. मग ती त्याच्याशेजारी ओल्या मातीत बसली आणि त्याचा हात धरून थांबवला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्रिसरण इथेच म्हण. मी सांगते तुला, विसरलास तिथे."