पित्ताचं घराणं

त्या घरात कोणी दारू पीत नव्हतं. धाकट्याला पित्त होतं, एवढंच.

हा शब्द सासूबाईंचा. लग्नाला तीन महिने झाले असतील नसतील, धाकटा एका संध्याकाळी दारातच आडवा झाला. सासूबाई नव्या सुनेला म्हणाल्या, "पित्त खवळलंय त्याचं. उन्हातून आला की होतं असं." बाहेर ऊन नव्हतं. शिवाय त्या पित्ताला जो वास येत होता तो सुनेच्या चांगलाच ओळखीचा होता, तिचा सख्खा मामा त्याच वासापायी गेला होता. पण ती नवी होती. तिनं फरशी पुसली आणि गप्प बसली.

पुढं तो शब्द घरात इतका रुळला की त्याच्या पायऱ्यासुद्धा ठरून गेल्या. थोडं पित्त आहे म्हणजे माणूस बोलतोय, ताट वाढा. बरंच पित्त आहे म्हणजे आतल्या खोलीत न्या. पित्त उसळलंय म्हणजे आधी खिडक्या लावा, मग बाकीचं बघू. घरातल्या मांजराला बोलता येत असतं तर तेही पित्तच म्हणालं असतं.

या धाकट्याची बायको ती धाकटी. ती औषधांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या आणि तिनं लेबलं तपासायची. आत एक आणि लेबलावर भलतंच असेल तर बाटली उचलून लाल टबात टाकायची. सतरा वर्षांत तिच्या हातून एक बाटली चुकीची गेली नव्हती. पर्यवेक्षक नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचा, डोळे असावेत तर असे. आणि हेच डोळे घरी आले की पंधरा वर्षं नवऱ्यावर चिकटलेलं खोटं लेबल मुकाट वाचत होते. याची तिला स्वतःचीच चीड यायची, पण ती चीड तिनं कधी कुणाला दाखवली नाही.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. हाताला मोठी सफाई होती. अलीकडे मात्र सकाळी घोट घेतल्याशिवाय ती सफाई हातात उतरत नव्हती, आणि परवा त्यानं एका म्हातारबाईची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. म्हातारबाई जिन्यावरून पडता पडता राहिली. त्या दिवसापासून तो घरात कुणाशी बोलला नव्हता.

मंगळवारी सकाळी तो बायकोला म्हणाला, "मला घेऊन चल. माझ्यानं एकट्यानं नाही सुटणार आता."

कुठं, हे तिला विचारावं लागलं नाही. पाण्याच्या टाकीमागं सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर वर्षभरापूर्वी व्यसनमुक्तीचा विभाग निघाला होता. डॉक्टर, दोन सिस्टर, आठ खाटा, आणि दर शुक्रवारी सुटलेल्यांची आणि सुटू पाहणाऱ्यांची बैठक. वसाहतीतले लोक तिथं मागच्या जिन्यानं जायचे. पुढच्या दारावर एवढा मोठा बोर्ड लावल्यावर दुसरं काय होणार?

ती चप्पल घालत होती, तेवढ्यात थोरले भाऊजी आले. थोरले भाऊजी वसाहतीचे चिटणीस. याच विभागाच्या उद्घाटनाला त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं होतं. व्यसन हा गुन्हा नव्हे, आजार आहे, आजार लपवू नका, लाज सोडा आणि मदत मागा. टाळ्या तर इतक्या पडल्या की त्यांनी शेवटचा परिच्छेद पुन्हा म्हणून दाखवला. सख्खा भाऊ तेव्हा घरी पित्तानं पडलेला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

"तू कामाला जा," ते धाकटीला म्हणाले. "उगाच खाडा नको. मी नेतो त्याला. बाईमाणसानं तिथं जाऊन काय बोलायचं?"

"डॉक्टरांना सगळं सांगाल ना, भाऊजी?"

"मला शिकवतेस? ते सेंटर आणलं कोणी इथं?"

ती कामाला गेली. गेली, कारण एक दिवस तरी हे ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जावं असं तिला फार मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी भाऊजी दिवाणखान्यात पाय पसरून बसले होते. टेबलावर गोळ्यांची दोन पाकिटं होती. "झालं काम. गोळ्या दिल्यात. चहा बंद, तिखट बंद."

"वरच्या मजल्यावरच गेला होतात ना?"

"वर काय आणि खाली काय. डॉक्टर तो डॉक्टर. आता फक्त इच्छाशक्ती पाहिजे." एवढं बोलून त्यांनी घरातल्या लपवलेल्या बाटल्या शोधून काढल्या, मोरीत ओतल्या, धाकट्याला गच्चीवरच्या खोलीत नेलं आणि इच्छाशक्तीला आधार म्हणून बाहेरून कडी घातली.

बुधवारी धाकट्याला दरदरून घाम सुटला. हात असे कापत होते की पाण्याचा पेला ओठांपर्यंत जाईना. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "घाण निघतेय बाहेर." जाऊबाईंनी दाराच्या फटीतून डोकावून पाहिलं आणि घाण निघताना बघू नये म्हणून खाली निघून गेल्या. धाकटीला हे बरं लक्षण वाटत नव्हतं. पण डॉक्टरांना सगळं सांगून आणलेली गोळी आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली.

गुरुवारी सकाळी ती वर गेली तेव्हा तो भिंतीशी उभा होता. भिंतीवरून चिमटीनं काहीतरी उचलत होता, शर्टाच्या टोकाला पुसत होता आणि उजेडाकडे धरून बघत होता. हातात काहीच नव्हतं. "नंबर चुकलाय," तो म्हणाला. "सगळ्यांचे चुकलेत. गिऱ्हाईकं खाली थांबलीत, त्यांना वर सोडू नकोस." तिनं त्याचा दंड धरला तर अंग तव्यासारखं तापलेलं. पुढच्या क्षणी त्याचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि तो तिच्या हातातून निसटून फरशीवर आदळला. तो हातपाय झाडायला लागला.

तिच्या हाकेनं सगळे वर धावले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पित्त डोक्यात गेलं गं बाई."

"गाडी मागच्या दाराला लावायला सांग," भाऊजी म्हणाले. "पुढं सगळे चौकात उभे असतात."

त्या एका वाक्यानं धाकटीच्या मनातली पंधरा वर्षांची भीड संपली. माणूस फरशीवर तडफडतोय आणि याला चौकाची पडलीय. तिनं झटके थांबेपर्यंत नवऱ्याला कुशीवर धरून ठेवलं, मग गाडी पुढच्याच दाराला बोलावली आणि शेजारच्या दोन दणकट माणसांना हाक मारून त्याला चौकातून, सगळ्यांच्या देखत, गाडीत घातलं. निघताना टेबलावर गोळ्यांखाली घडी घालून ठेवलेला मंगळवारचा केसपेपर उचलला. तो तिनं गाडीत वाचला. तक्रार : पित्त, छातीत जळजळ. मद्यपान : नाही.

मद्यपान, नाही. तिनं ते तीनदा वाचलं. म्हणजे हा शहाणा सख्ख्या भावाला व्यसनमुक्तीच्या दारापर्यंत घेऊन गेला आणि पोटाच्या डॉक्टरला दाखवून परत आला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, आणि इथं तर ताक आणलंच नव्हतं.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं केसपेपर हातात घेतला. भाऊजी मागून आपल्या गाडीनं पोहोचले होतेच. ते पुढं झाले. "जुनं पित्त आहे, मॅडम. आमच्या घराण्यातच आहे ते."

"तो कागद खोटा आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला, आणि तो खाली आणायची तिला काही गरज वाटली नाही. "दारू आहे. पंधरा वर्षं, रोज. गेली दोन वर्षं सकाळपासून. मंगळवारी सकाळी शेवटची घेतली, त्यानंतर थेंब नाही. काल हात कापत होते, आज भिंतीवर नाही ते दिसायला लागलं, आणि आत्ता फिट आली."

डॉक्टरणीनं केसपेपर बाजूला ठेवला. नंतर सगळं भराभर झालं. सुया, सलाईन, वरच्या मजल्यावर फोन, स्ट्रेचर. त्या धांदलीतही तिनं एकदा भाऊजींकडे मान वळवली. "रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर माणूस दगावतो. औषधं देऊन हळूहळू उतरवावी लागते. वरचा विभाग त्याचसाठी आहे."

"मला ठाऊक आहे," भाऊजी म्हणाले. "त्याच्या उद्घाटनाला मीच बोललो होतो."

"मग जिना तुम्हाला माहीत होता," ती म्हणाली आणि स्ट्रेचरमागं गेली.

तीन दिवस काही खरं नव्हतं. धाकटा बडबडायचा, सुया ओढायचा, बायकोला गिऱ्हाईक समजून घरी जायला सांगायचा. डॉक्टरीण रोज एवढंच म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे. धाकटी कारखान्यात रजा सांगून खाटेशी बसली. सासूबाई एकदा आल्या, खाटेवर लावलेल्या पाटीवरचा शब्द वाचला आणि पदरानं ती पाटी झाकता येईल का ते बघायला लागल्या. सिस्टरनं त्यांना बाहेर बसवलं.

रविवारी सकाळी तो शुद्धीवर आला. आधी पाणी मागितलं. मग बायकोकडे पाहून म्हणाला, "म्हातारबाईच्या काचा बदलून द्यायच्या राहिल्यात." यावर ती हसली आणि हसता हसता रडली, आणि रडताना तिला इतका राग आला की विचारायचं ते विचारून टाकलं.

"मंगळवारी तुम्ही का नाही बोललात? तोंड नव्हतं तुम्हाला?"

तो छताकडे बघत म्हणाला, "डॉक्टरनं विचारलं, दारू घेता का. मी तोंड उघडलं होतं. दादानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला आणि म्हणाला, छे, आमच्यात कुणी नाही." त्यानं चादर वर ओढली. "खरं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो. आता कुणी काही विचारणार नाही."

भाऊजींना शिव्या घालणं सोपं होतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा तिच्या चार दिवसांत मनातल्या मनात घालून झाल्याही होत्या. पण सुटल्यासारखं वाटणं तिलाही ठाऊक होतं. ज्या ज्या सकाळी नवरा उठू शकत नसे, त्या प्रत्येक सकाळी दुकानात फोन तिनंच लावला होता. आज यांना येता येणार नाही, पित्त झालंय, असं गोड आवाजात सांगायचं आणि मालक बरं म्हणाले की फोन ठेवून सुस्कारा सोडायचा. अकरा वर्षं तिनं हे केलं होतं. त्या भल्या माणसाला आपण बनवलं याची टोचणी होती, आणि कळलं तर नोकरी जाईल ही धास्तीही होती.

सोमवारी तिनं वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन मालकांना फोन लावला. डॉक्टरणीनं सांगितलं होतं की अजून तीन आठवडे तरी इथं राहावं लागेल आणि नंतर दर शुक्रवारी बैठकीला यावं लागेल, वर्षभर. हे लपवायचं म्हटलं तर पुन्हा काहीतरी रचायला लागणार होतं.

मालकांनी तिचा आवाज ओळखला. "काय, पित्त का?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पित्त नाही. दारू आहे. कधीच पित्त नव्हतं. मी तुमच्याशी अकरा वर्षं खोटं बोलले. आता ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा."

ती कठड्याला धरून उभी होती.

"अहो वहिनी," मालक म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याच शेजारी बसून काम करतो तो. अख्ख्या दुकानाला माहीत आहे. आम्हाला वाटायचं, तुम्हालाच माहीत नाही. म्हणून आम्हीपण तुमच्यासमोर पित्तच म्हणायचो. उगाच बाईला धक्का कशाला द्यायचा? कितीदा हाताला धरून दवाखान्यात न्यावं असं मनात आलं, पण म्हटलं, घरी कळेल. मी तर उपकारच करतोय असं समजत होतो."

"सगळ्यांनीच उपकार केले," धाकटी म्हणाली. "म्हणून तर हे मरायला टेकले होते."