‘क्विक’ची कार्डं

गठ्ठ्याची टाचणी उपसताना ती नखाखाली घुसली आणि सहसंपादिकेच्या तोंडून “आई गं!” निघालं. रक्ताचा बारीकसा थेंब वर आला. तो कार्डावर पडू नये म्हणून तिने बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने वरचं कार्ड उलटलं. इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघायची होती आणि आज तिच्या वाट्याला ‘क्विक’ हा शब्द आला होता.

कार्डं चाळीस वर्षांपूर्वीची होती. पहिली आवृत्ती ज्यांनी रचली त्यांना सगळे गुरुजी म्हणत, आणि गुरुजी हिरव्या शाईने लिहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांचा दंडक अजून पाळला जाई. प्रत्येक अर्थाखाली एक उदाहरण, तेही स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं. मनाने रचलेलं वाक्य सापडलं की गुरुजी कार्ड टराटरा फाडत म्हणे.

उलटलेल्या कार्डावर लिहिलं होतं: ‘नखाखालचं नाजूक मांस, जिव्हार.’ खाली उदाहरण: ‘टाचणी नखाखाली गेली आणि ती “आई गं” म्हणाली.’

बोट तोंडात तसंच ठेवून तिने ते दोनदा वाचलं. मग तिचं तिलाच हसू आलं. टाचण्यांच्या कचेरीत दुसरं काय होणार!

तसा हा शब्द मोठ्या गोतावळ्याचा. आज त्याला सगळे ‘जलद’ म्हणून ओळखतात, पण मूळ अर्थ ‘जिवंत’. ‘आपल्या “जीव”चा सख्खा भाऊ, लहानपणी हरवलेला,’ असं गुरुजींनी समासात लिहून ठेवलं होतं. स्वस्थ बसत नाही म्हणून इंग्रजीत पारा ही जिवंत चांदी, पाणी पडताच खदखदतो तो जिवंत चुना, माणूस गिळते ती जिवंत वाळू. नोकरीला नवीन असताना सहसंपादिकेने एका जुन्या प्रार्थनेतल्या ‘जिवंत आणि मृत’ या जोडीचं ‘चपळ आणि मृत’ करून टाकलं होतं. पुढे कितीतरी दिवस कुणी भरभर जिना चढून आलं की कचेरीत ‘चपळ आले’ म्हणत आणि उशिरा येणाऱ्याला काय म्हणत ते सांगायला नको.

तिने पुढचं कार्ड घेतलं. ‘क्विक विथ चाइल्ड: जिच्या पोटातलं मूल हलू लागलं आहे अशी.’ उदाहरण: ‘एकविसावा आठवडा. अजून काही नाही.’

या वेळी तिला हसू आलं नाही. तिलाही एकविसावा आठवडाच होता. आणि तिच्याही पोटात अजून काही हललं नव्हतं.

गेल्या वेळचं पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि त्यानंतर वर्षभर घरात सगळे हळू आवाजात बोलत. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला बजावलं होतं, विसावा आठवडा संपेपर्यंत हालचाल जाणवली नाही तर तसंच निघून या. पण सासूबाई रोज सकाळी आशेने विचारायच्या, “हललं का गं?” चार दिवसांपूर्वी त्यांच्या तोंडाकडे बघून ती बोलून गेली, “हो, हललं ना.” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून नवरा संध्याकाळी तिच्या पोटावर हात ठेवून बसे आणि ती म्हणे, “आत्ताच झोपलं बघ.” आता कुठल्या तोंडाने दवाखान्यात जाते म्हणणार? तिला फार भीती वाटत होती, आणि ती भीती सांगायची सोयही तिने स्वतःच घालवली होती.

“मावशी, गुरुजींच्या उदाहरणांतली ही ‘ती’ कोण हो?”

समोरच्या टेबलावर टंकलेखन करणाऱ्या मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला.

“त्यांच्या पत्नी. कार्डं लावायला यायच्या. तुमच्याच खुर्चीत बसायच्या की.”

“याच?”

“खुर्ची तीच. वेत तेवढा नवा.”

“त्यांना मूल होतं?”

मावशींची नजर तिच्या पोटावर गेली आणि पुन्हा यंत्रावर आली.

“कशाला आता ते?”

“सांगा ना.”

“मी नंतर लागले हो इथे. पण ऐकलंय. ते कधी हललंच नव्हतं म्हणे. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.”

गठ्ठ्यात एकच कार्ड उरलं होतं, पालथं. ‘क्विकन’ असणार, जीव धरणं, गर्भाने पहिल्यांदा हलणं. त्याला हात लावायचं तिच्या जिवावर आलं. जुनं उदाहरण बदलायची मुभा नव्या संपादकाला होतीच. तिने कोरं कार्ड ओढलं, शब्द लिहिला, अर्थ लिहिला. उदाहरणापाशी पेन अडलं. नऊ वर्षांत तिने एकही खोटं उदाहरण लिहिलं नव्हतं. मग तिने घाईघाईने लिहिलं: ‘आज दुपारी बाळ हललं.’

लिहिल्यावर तिला जरा बरं वाटलं. जुनं कार्ड रद्दीत टाकायला तिने उचललं, आणि ते हातात उलटलं.

‘आज दुपारी बाळ हललं.’

हिरवी शाई, तेच चार शब्द. खोली एकाएकी गार वाटू लागली. अंगावर सरसरून काटा आला आणि पाठीमागे कुणीतरी वाकून वाचत आहे असं वाटून तिने मान वळवली. मागे नुसती कपाटं होती.

गुरुजी खोटं लिहीत नसत. पाहिलेलं नाहीतर ऐकलेलं. पोटातलं मूल काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे ते ऐकलेलं, याच खुर्चीत बसणाऱ्या बायकोच्या तोंडून.

मग तिने आपलं कार्ड घेतलं आणि टराटरा फाडलं. तो आवाज ऐकून मावशींचं यंत्र थांबलं.

“मावशी,” ती म्हणाली, “माझं बाळ अजून एकदाही हललेलं नाही. मी घरी खोटं सांगितलंय.”

अर्धा टंकलेला कागद यंत्रातच सोडून मावशी उठल्या, तिची पर्स खुंटीवरून काढली आणि तिच्या दंडाला धरलं.

“चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. मिस्टरांना मी कळवते फोन करून.”

“नको,” ती म्हणाली. “त्याला मी सांगते.”