एकावर एक टिकली

नौपाड्यातल्या त्या लॅबच्या एका खोलीत भर दिवसाही पिवळे दिवे जळत असतात. काही जीवनसत्त्वं इतकी नाजूक, की साध्या उजेडात मोजण्याआधीच निम्मी होतात. त्या दिव्यांखाली सगळीच माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. पण गुरुवारी सकाळी मंदाकिनीबाईंचा चेहरा पाहून रुचिता खरंच दचकली.

पुतणीचं लग्न आटपून बाई पाच दिवसांनी टिटवाळ्याहून कामावर आल्या होत्या. त्यांच्या हातात रुचिताने सही करून पाठवलेल्या रिपोर्टची प्रत होती. बाळांच्या नाचणी सत्त्वातलं ड जीवनसत्त्व, एका वेळच्या खाण्यात दहा मायक्रोग्रॅम. पाकिटावर छापलेलं, बरोब्बर तेवढंच.

"दहा कसं आलं गं?"

"तुम्ही एक टिकली लावलेली ना? मी दहाने गुणलं."

"एक?"

टिकलीची पद्धत बाईंचीच. मशिनला झेपेना म्हणून नमुना दहापट पातळ केला, की बाटलीच्या बुचावर एक लाल टिकली. पुन्हा केला, की दुसरी. मार्करची शाई द्रावणाच्या थेंबाने पुसून जाते. टिकली घामाला दाद देत नाही, ती थेंबाला काय देणार! वहीत मागाहून लिहायचं, असा बाईंचा खाक्या. लग्नाच्या गडबडीत ते लिहिणंही राहिलं होतं.

रुचिताने फ्रिजमधून तपकिरी बाटली काढली. बुचावर एकच टिकली होती. तिने ती नखाने उचकटली. खाली दुसरी होती, अगदी नेमकी बसलेली.

"बूच केवढंसं," बाई पुटपुटल्या. "वरच लावली मी."

म्हणजे शंभराने गुणायचं होतं. सत्त्वात दहा नव्हे, शंभर होतं.

रिपोर्ट परत मागवता येतो, बोलणी खाता येतात, नोकरी गेली तर दुसरी बघता येते. पण तपासणीला आलेल्या तीन पाकिटांपैकी न फोडलेलं एक तिने शनिवारी ठाकुर्लीला ताईकडे नेलं होतं. ते न्यायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. वर आठ महिन्यांच्या सान्वीला मांडीवर घेऊन फुशारकीही मारली होती, की मावशीने स्वतः तपासलंय, बिनधास्त भरवा.

पाण्यात विरघळणारं असतं, तर जास्तीचं लघवीवाटे गेलं असतं. हे चरबीत साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मग उलट्या, मग मूत्रपिंडं. परीक्षेत हे लिहून तिने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

"आधी नवा नमुना लावून बघू," बाई म्हणाल्या. "चार तास लागतील. खात्री झाल्याशिवाय कुठे बोलू नकोस."

"चार तासांत ती अजून एकदा तरी खाईल, बाई."

"कोण?"

मग पाकिटाचं सांगावंच लागलं. बाईंनी नवा नमुना काढायला घेतला. रुचिताने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

"ताई, ते सत्त्व सान्वीला देऊ नकोस."

"आत्ताच भरवलं. का गं?"

"त्यात ड जीवनसत्त्व फार जास्त निघालंय. ती बरी आहे ना?"



"परवापासून ओकतेय," ताई म्हणाली. "पोटही साफ नाही. आम्हाला वाटलं, दात येतायत. दूध तोंडात घेईना, म्हणून मी उलट सत्त्वच वाढवलं. दोनदाचं चारदा केलं."



"तिला आत्ता डॉक्टरांकडे ने. पाकीटही सोबत ने. मी येतेच."

"निघते." ताई म्हणाली. "पण ते विचारतील, किती गेलंय पोटात. काय सांगू?"

रुचिताने शंभराचा आकडा तोंडाशी आणला आणि गिळला. तोही तिने अजून पडताळला नव्हता.

"मोजून सांगते, ताई."

"मग मागच्या वेळी काय केलंस?" ताईने विचारलं.