घंटेबरोबर सुटणारी जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. किती जुनी म्हणाल, तर मी पहिल्यांदा रस्त्यावर आले तेव्हा सोलापूर-मंद्रूप रस्त्यावरचे खड्डे अजून पाळण्यात होते. त्यांना मी डोळ्यांदेखत मोठं होताना पाहिलं आहे. माझ्या सांगण्यात एक अक्षरही खोटं नसतं. खोटं बोलेन तर माझा सायलेन्सर गळून पडेल. तो मागच्या वर्षी पडला होता, पण ते गंजामुळे.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंड तापवून, ठोकून, वाकवून मला घडवलं, वर पांढरा रंग दिला. पहिली काही वर्षं मी एका कचेरीत साहेबांच्या दिमतीला होते. तेव्हा मला पडदे होते, रोज अंघोळ होती. मग नवी गाडी आली, आणि मला कचेरीच्या मागे बाभळीखाली उभं केलं. माझ्या बॉनेटमध्ये मांजरीनं संसार थाटला. शेवटी लिलाव झाला आणि बोरमळ्याच्या गौसनं मला घरी आणलं. त्यानं मागच्या खुर्च्या काढून समोरासमोर दोन बाकं ठोकली, आणि मी वडाप झाले. माणसं गोळा करून गावोगाव नेणाऱ्या गाडीला आमच्याकडे वडाप म्हणतात.

मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी माझ्यात किती माणसं बसायची? एकदा इतकी दाटी झाली की उतरताना दोघा गड्यांनी चुकून एकमेकांचे पाय नेले. पुढच्या बाजाराला भेटले तेव्हा बदलून घेतले. त्यातल्या एकाला दुसऱ्याचे पाय जास्त आवडले होते, म्हणून थोडी बाचाबाचीही झाली.

पण बाजार सोडला तर बाकीच्या दिवशी माझी वेगळीच कथा होती. बोरमळा मोठ्या रस्त्यापासून आत. तिथं बस येत नव्हती, जायला-यायला मीच. सकाळी मी निंगप्पाच्या हॉटेलापुढे उभी राहायची. गौसचा नियम असा, की गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही. गावाचा नियम असा, की गाडी हलल्याशिवाय बसायचं नाही. कारण जो आधी बसेल तो सगळ्यात जास्त वेळ उकडत पडेल. म्हणून सगळे प्रवासी पिशव्या मांडीवर घेऊन निंगप्पाकडे चहा पीत बसायचे आणि एकमेकांवर नजर ठेवायचे. गौस त्यांच्याकडे बघायचा, ते गौसकडे बघायचे, आणि मी मधे रिकामी उभी. एका उन्हाळ्यात एवढा वेळ उभी होते की माझ्या टायरला मुळं फुटली. निंगप्पा त्यांना पाणी घालायचा.

याच काळात बसच्या कचेरीतले एक साहेब गावात आले. बोरमळ्याला बस सुरू करावी का, ते बघायला. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं. आत माशीसुद्धा नव्हती.

"बर्री साहेब, च्या घ्या," निंगप्पानं कानडी सुरात बोलावलं.

साहेबांनी चहा घेतला आणि विचारलं, "इथून सोलापूरला कोणी जात नाही का?"

"जातात की. लई जातात," निंगप्पा म्हणाला. बाकांवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पण उठून माझ्यात कोणीच बसलं नाही. साहेबांनी त्यांना चहाचं गिऱ्हाईक समजून निरोप घेतला, आणि बस येता येता राहिली.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला बजाबाईंना. बजाबाई ज्वारीची कडक भाकरी करायच्या. पापडासारखी पातळ, दाताखाली धरली की शेजारच्या घरात ऐकू जायची. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या एका खानावळीनं त्यांच्याकडून रोज भाकरी घ्यायचं ठरवलं होतं. त्या भरवशावर त्यांनी आणखी एक चूल घातली आणि शेजारच्या दोघींना हाताशी घेतलं. पण भाकरी जेवणाच्या पंगती बसायच्या आत पोचायला हवी. आम्ही पोचायचो तेव्हा लोक जेवून बडीशेप चघळत असायचे. खानावळवाल्यानं शेवटचं सांगितलं, की आता पुन्हा उशीर झाला तर भाकरी दुसरीकडून घेईन.

त्या संध्याकाळी बजाबाई थेट ग्रामसभेत उभ्या राहिल्या.

"गौस, लेका, तुज्या गाडीला वेळ हाय का न्हाय?"

"मावशी, मानसं भरली की निघतो की."

"आन् मानसं कवा भरत्यात?"

"मी निगालो की."

सगळे हसले. गौसही हसला, पण मग म्हणाला, "रिकामी गाडी न्हेऊ का? डिझेल काय हिरीतनं शेंदू?"

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून गौसची बायको माजिदा बोलली. "जेवायला बरोबर वक्ताला येताय तुमी. भाकरी तव्यावर फुगायच्या आत ताटावर. रस्त्यावरच कसं काय जमत न्हाय?"

गौसनं हात जोडले. शेवटी असं ठरलं, की शाळेची पहिली घंटा वाजली की जीप सोडायची. आत कोणी असो वा नसो. पुढच्या बाजारापर्यंत करून बघायचं.

दुसऱ्या दिवशी बजाबाई भाकरीची चवड फडक्यात बांधून सर्वांत आधी येऊन बसल्या. बाकी मंडळी नेहमीसारखी हॉटेलात. घंटा वाजली. गौसनं किल्लीला हात लावला आणि बाहेर पाहिलं.

"बसू दे त्याला. जातोय कुटं," निंगप्पाच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"निघ," बजाबाई म्हणाल्या.

"मावशी, एकच शिट हाय."

"मग हलकी पळंल. निघ."

मित्रांनो, मलाच भीती वाटत होती की माझं इंजिन ऐन वेळी खोकेल. पण मी अशी सुटले, की माझी सावली बराच वेळ हॉटेलापुढेच उभी होती. मागून आरडाओरडा झाला. माणसं बशा हातात घेऊनच पळत सुटली. त्यातला एक गडी एवढा पळाला की आम्हाला मागे टाकून मंद्रूपला पोचला आणि तिथं आमची वाट बघत बसला. बशीतला चहा थेंबभरही सांडला नव्हता.

पंगती बसायच्या आत भाकरी खानावळीत पोचली. खानावळवाल्यानं एक मोडून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी जास्त आणायला सांगितलं. बजाबाई परत येऊन माझ्यात बसल्या आणि माझ्या बाकावर हात फिरवत राहिल्या. पडदे असतानाही मला तसं कोणी कुरवाळलं नव्हतं.

त्यानंतर घंटेच्या आधीच मी भरू लागले. काही दिवसांनी बसच्या कचेरीतले ते साहेब पुन्हा आले. ते चहा घेत होते आणि घंटा वाजली. निंगप्पा त्यांना म्हणाला, "साहेब, कप ठेवा आन् पळा. ती कुनाला थांबत न्हाय." साहेब पळाले आणि मागच्या पायरीवर लोंबकळत मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत आले. एवढे प्रवासी त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिले नसावेत, कारण निम्मे त्यांच्या अंगावर होते.

साहेबांनी कचेरीत जाऊन सांगितलं, आणि आता फाट्यावर सोलापूरची बस थांबते. मी आतल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं आणते आणि बसला जोडून देते. माझं काम लहान झालं, पण चुकलं तर सगळ्यांची बस चुकते, म्हणून माझा मान वाढला. परवा ऐन घंटेला माझा क्लच तुटला. तर अख्ख्या हॉटेलानं उठून मला ढकलत फाट्यावर नेलं. निंगप्पा चुलीवर दूध ठेवून आला होता. ते उतू गेलं, पण बस मिळाली.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी गाडी असेल. तिचं दार हळू लावा, सीटमधला काथ्या उपसू नका, अधूनमधून तिची काच पुसा. आणि खरोखर जायचं असेल, तर लांबून बघत राहू नका. आत येऊन बसा. तुम्ही बसलात, तरच तुमच्या गावाला कुठंतरी जायचं आहे हे बाहेरच्यांना कळतं.