सातच्या घंटेचा गोल

रेफरीला टोमणे मारण्यात आमच्या गावात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. मडगावच्या स्टँडवर वीस वर्षं मी मोटरसायकल पायलट आहे, माणूस मागे बसवून भाडं मारतो. बसमधून उतरलेल्या माणसाच्या चालीवरून तो भाड्यावर किती घासाघीस करणार ते मी सांगतो. तेच डोकं मी रविवारी मॅचला शेताच्या बांधावर उभा राहून वापरायचो.

मे महिन्यात आमची शेतं मोकळी असतात आणि पाद्री एजिदियू बारा वर्षांखालच्या पोरापोरींची वाडेवार फुटबॉल स्पर्धा भरवतात. माझी झिनिया खालवाड्याची गोलकीपर. अकरा वर्षांची आहे, पण गोलात उभी राहिली की आपल्या आजीसारखी दिसते, कोणालाही आत सोडणार नाही अशी.

रेफरी असायचे तारसिलियूबाब. रिटायर पोस्टमास्तर. त्यांचा एखादा निर्णय आमच्याविरुद्ध गेला की अख्ख्या बांधाने एका सुरात "पत्ता चुकला" म्हणायचं, हे मीच शिकवलं होतं. वरवाड्याच्या लोकांना इतकं आवडलं की त्यांनीही उचललं. सेमीफायनलला तारसिलियूबाबनी आमची पेनल्टी दिली नाही, तेव्हा मी सासूबाईंचा चष्मा गळाच्या काठीला बांधला आणि बांधावरून त्यांच्या नाकासमोर सोडला. लोक हसून हसून बसले. पोरंही हसली. गोलात झिनिया पोट धरून हसत होती, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

तारसिलियूबाबनी त्या चष्म्याकडे जरा वेळ बघितलं. मग गळ्यातली शिट्टी काढली, जमिनीवर ठेवली आणि शेत तुडवत घरी निघून गेले. ती मॅच शेवटी फादरनाच संपवावी लागली.

दुसऱ्या दिवशी फादरनी बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत तेव्हाच मी घाबरलो. पेज खाता खाता म्हणाले, फायनलला शिट्टी तू वाजवायची. आला नाहीस, किंवा मधेच निघून गेलास, तर खालवाडा बाद. पुढच्या वर्षी झिनिया बाराची होणार, म्हणजे तिच्यासाठी हाच शेवटचा कप. मी म्हटलं, फादर, माझीच पोर खेळतेय, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, म्हणूनच. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ते म्हणाले, शनिवारच्या लग्नात तो गुडघा नाचताना मी बघितलाय. शिट्टी नाही म्हटलं, तर खिशातून तारसिलियूबाबची शिट्टी काढून समोर ठेवली.

तर फायनल. चारी बांधांवर माणसं. बाहेर जायची पायवाट एकच, ती चोरीस-पावच्या, म्हणजे सॉसेज-पावच्या, गाड्याजवळून, आणि तिथे अख्खा वरवाडा उभा. आत मी, फादरनी दिलेल्या काळ्या शर्टात, ज्याचं पोटावरचं बटण लागत नव्हतं.

पहिल्याच मिनिटाला आवाज आला, मालकाला हाक मारावी तसा, "पात्राव, मीटर टाकलं का?" मग "पायलट, रस्ता चुकला", अख्ख्या बांधाने, एका सुरात. चाल माझीच, शब्द नवे. बाहेर उभं असताना प्रत्येक टोमणा मला वेगळा ऐकू यायचा, कोणाचा चांगला, कोणाचा शिळा. आत मात्र सगळे मिळून एकच आवाज येतो. विहिरीत पडलेल्याला काठावरची माणसं ऐकू येत असतील तशी. वळून बघितलं की हसतात, न बघितलं की जास्त हसतात. बायकोचा भाऊ नॉर्बेर्त तर प्रेमाने ओरडायचा, भावोजी, आपल्या माणसांकडे लक्ष असू दे. त्यानेच माझं अर्धं आयुष्य तिथे कमी झालं.

विसाव्या मिनिटाला खालवाड्याने गोल केला. स्वच्छ गोल. तरी वरवाडा म्हणाला, पायलटने पोरीला भाडं न घेता सोडलं. पोरं त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग तसंच तोंड वेडंवाकडं करायची. नऊ वर्षांच्या एकाने मला थ्रो-इनवरून आंधळा म्हटलं. त्याचा बाप बांधावर टाळ्या वाजवत होता.

तारसिलियूबाब कोपऱ्यात माडाखाली हात मागे बांधून उभे होते.

पाच मिनिटं उरली होती. स्कोअर एक-शून्य. वरवाड्याचा कॉर्नर. बॉल उडाला, गोलासमोर पोरांचा गोळा झाला, आणि इगर्जीची, म्हणजे चर्चची, सातची घंटा वाजली.

आता हे तुम्हाला हसण्यासारखं वाटेल. पण आमच्याकडे सातच्या घंटेला माणूस असेल तिथे थांबतो, कपाळाला-छातीला बोटं लावून खुरूस करतो, मान खाली घालून डोळे मिटतो. लहानपणी डोळे उघडे दिसले की आईची थप्पड बसायची. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, शिट्टी गळ्यात आहे म्हणून थांबते का ती? माझा हात आपोआप कपाळाला गेला. हल्लीची पोरं मात्र बॉल पायात असला की देवालाही थांबवून ठेवतात.

डोळे उघडले तेव्हा बॉल गोलामागे चिखलात पडला होता. आमचा गोल म्हणजे माडाचे दोन ओंडके आणि मागे मासे धरायच्या रापणीचं जुनं जाळं, त्याला भोकं हातभर. बॉल ओंडक्यांच्या मधून जाऊन भोकातून निघाला की बाजूने गेला, कळायला मार्गच नाही. वरवाड्याची पोरं गोल म्हणून नाचत होती. आमची आउट म्हणून नाचत होती. आणि दोन्ही बांधांवरची माणसं छाती ठोकून सांगत होती की त्यांनी स्वतः बघितलं.

मी हात वर केला. जरा शांत झालं. मी म्हटलं, ज्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं त्यांनी हात वर करा. चारी बांधांवर हातांचं रान उभं राहिलं. नॉर्बेर्तने तर दोन्ही केले.

"फादर," मी म्हटलं, "यांची नावं लिहून घ्या. सातच्या घंटेला यांचे डोळे उघडे होते."

हात खाली यायला लागले. एकाने डोकं खाजवलं, एकाने माशी हाकलली, गाड्यावरच्या बाईने पदर सावरला. अहाहा. तेवढा क्षण मी पुन्हा बांधावरचा होतो.

मग फादर हळूच म्हणाले, "आणि तुझे, बोस्त्यांव?"

"मिटलेले, फादर."

बांधांवर कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

एक हात अजून वर होता. माडाखाली. मी तिथे गेलो. तारसिलियूबाब म्हणाले, शिट्टी हातात घेतली तेव्हापासून मी घंटेला डोळे मिटत नाही, आणि दर शनिवारी कन्फेशनला तेच पाप सांगतो. मी फादरकडे बघितलं. फादर आकाशाकडे बघायला लागले, कन्फेशनमधलं त्यांना बोलता येत नाही ना.

मी विचारलं, मग काय झालं ते सांगा. माझा आवाज किती लहान निघाला ते मलाच ऐकू आलं.

"तू विचारलंस कोणी बघितलं, म्हणून हात वर केला," ते म्हणाले. "पण रेषेबाहेरून रेफरीला कोणी काय द्यायचं ते सांगत नाही. शिट्टी तुझ्या गळ्यात आहे."

आणि त्यांनी हात पुन्हा मागे बांधले. ती सूड घ्यायची भाषा असती तर मला समजली असती. तसं काही नव्हतं. त्यांना खरंच तसंच वाटत होतं.

मी परत गोलाकडे चालत आलो. आमची बाकीची आठही पोरं आउट, आउट ओरडत होती. झिनिया एकटी ओरडत नव्हती. ती पाठ करून जाळ्याचं भोक सुतळीने बांधत बसली होती. तिला विचारायचं सोपं होतं. ती खोटं बोलत नाही, म्हणूनच मी विचारलं नाही.

जे बघितलं नाही ते देता येत नाही. मी गोलकिकची खूण केली.

वरवाडा काय काय म्हणाला ते राहू दे. खरी फजिती आपल्या बांधावर झाली. खालवाडा नाचायला लागला. नॉर्बेर्त मला डोळा मारून म्हणाला, "मानलं भावोजी, सगळ्यांना गुंडाळलंत." त्यांना वाटलं हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा खेळ. लगेच ठरलंही, मॅच संपली की मला खांद्यावर घेऊन वाड्यातून मिरवायचं. तिकडे पायवाटेवर वरवाड्याची पोरंबाळं सोडून बाकी सगळे बाह्या सारत होते.

घड्याळात वेळ संपली. मी दोन मिनिटं वाढवली. मग आणखी दोन. वरवाड्याने एक गोल करावा, एक-एक व्हावं आणि मी सुटावं. आपल्याच पोरीच्या गोलात बॉल जावा म्हणून मी मनातल्या मनात सांत आंतोनला मेणबत्ती बोललो. दोन बोललो. वरवाड्याचं एक पोरगं मोकळं सुटलं, जोरात मारलं, झिनियाने अडवलं. कॉर्नर. अडवलं. पुन्हा अडवलं, या वेळी तोंडावर घेऊन.

बांध आता दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. पोरं दमून चालत खेळत होती. शेवटी झिनिया बॉल पोटाशी धरून माझ्याकडे आली. नाकातून रक्त येत होतं, ते तिने हातमोज्याने पुसलं.

"पप्पा, वाजव ना आता. मला बॉल दिसत नाही."

मी आधी आमच्या बांधाकडे, मग पायवाटेकडे बघितलं आणि म्हटलं, अजून एक मिनिट.