अग्निअश्वाच्या वर्षातलं बाळ

शारजात, अल मजाजच्या त्या फ्लॅटमध्ये बायकांच्या गर्दीनं पाय ठेवायला जागा नव्हती. पडदे ओढलेले. मधोमध भविष्य सांगणारे 'मास्टर' जगन्नाथ पिवळा कागदी घोडा धरून बसलेले.

"चायनाची पाच हजार वर्षांची विद्या, मॅडम. सॅटेलाइटपेक्षा ॲक्युरेट! हे वर्ष अग्निअश्वाचं. मुलगी झाली, की बापाला खाणार. मिस्टर कुठे असतात?"

"रुवैसला. रिफायनरीत," विद्युल्लता पुटपुटली. तिला पाचवा महिना होता.

"म्हणजे आगीतच! खलास!"

मास्टरांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं. पिवळा घोडा बघता बघता रक्तासारखा लाल झाला. बायका किंचाळल्या. बाळंतपणापर्यंत नवऱ्याचं तोंड बघायचं नाही, असा हुकूम निघाला.

विद्युल्लता माझी शेजारीण. हे सगळं तिनंच मला सांगितलं. मी अफशा, मूळची रत्नागिरीची. इथल्या शाळेत केमिस्ट्री शिकवते. दर सुट्टीला येणाऱ्या नवऱ्याला, सत्यजितला, ती खोटंच सांगू लागली, "मला ताप आहे, येऊ नकोस." खोलीत पडदे ओढून भरदुपारी दिवे लावून बसायची.

एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अफशाताई, बाळानं लाथ मारली की मला टाप ऐकू येते. वाटतं, हे मूल नकोच."

पुढच्या बैठकीला मी तिच्यासोबत गेले.

"मास्टर, आज माझ्या बाटलीतलं पाणी शिंपडू?" त्यांनी नाही म्हणायच्या आत मी शिंपडलंही. घोडा पिवळाच राहिला. मग त्यांची बाटली उचलून माझ्या डबीतल्या हळदीवर ओतली. हळद लालभडक झाली.

"हळदीत चुना घालून कुंकू करतात, ठाऊक आहे ना? घोडा हळदीनं रंगवलाय. बाटलीत चुन्याची निवळी आहे."

"हबीबी, तुमची एनर्जी निगेटिव्ह आहे," म्हणत मास्टर घाईघाईनं घोडा पिशवीत कोंबू लागले.

घरी आल्यावरही विद्युल्लतेनं पडदे उघडले नाहीत. "रंग खोटा असेल, ताई. पण वर्ष तर खरं ना?"

"अगं, चीनमध्ये वर्षं बारा-बाराच्या फेऱ्यात मोजायचे. गुरू ग्रहाला आकाशात एक फेरी घालायला साधारण तेवढीच वर्षं लागतात. त्या वर्षांना प्राण्यांची नावं मिळाली. पंचांगाबरोबर ती कोरिया, जपान, व्हिएतनामला गेली. चीनमधल्या सशाच्या वर्षाला व्हिएतनाममध्ये मांजराचं वर्ष म्हणतात! आणि मुलींचा शाप जपानमध्ये चिकटला, तोही नवऱ्याला खाण्याचा; बापाचं तर मास्टरांनीच जोडलं. प्राण्यांना पाच तत्त्वांचीही जोड असते, त्यामुळे अग्निअश्व साठ वर्षांनी एकदाच येतो. मागच्या वेळी आला, तेव्हा तिथे लाखो बाळं कमी जन्मली. त्यांना कुणी येऊ दिलं नाही? घोड्यानं, की माणसांच्या भीतीनं?"

तिनं फोन उचलला. "सत्या, ये."

मुलगी झाली. सत्यजित तिला छातीवर घेऊन झोपतो. भीती मात्र एका दिवसात जात नाही. त्याचा फोन उशिरा आला, की विद्युल्लता अजूनही दाराशी जाऊन उभी राहते.

म्हणून सांगते, कुणी भविष्य सांगून घाबरवलं, तर आधी विचारा : हे कशावरून? उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसांना दूर लोटू नका.